मूठ आवळणे आणि हातातील रक्तप्रवाह

मुठीत चेंडू धरून दाबल्याने हातातील रक्ताभिसरण सुधारते, असे म्हणतात; त्याच्याशी मी सहमत आहे. मात्र मूठ सैल सोडणेही तितकेच महत्त्वाचे आहे. आवळताना स्नायूंच्या दाबाने शिरांतील रक्त हृदयाकडे ढकलले जाते, झडपांमुळे ते मागे फिरत नाही, आणि सैल सोडताच रुंदावलेल्या धमन्यांतून ताजे रक्त वेगाने आत येते. मूठ घट्ट धरूनच ठेवली, तर प्रवाह उलट अडतो.

डायलिसिससाठी मनगटाजवळ धमनी शिरेला जोडून फिस्चुला केल्यावर, जखम भरली की डॉक्टर बहुधा हाच व्यायाम सांगतात. असा फिस्चुला केलेल्या माझ्या काकांच्या मनगटावर बोट ठेवले, की मांजराच्या गुरगुरण्यासारखी थरथर जाणवत असे. रक्त तपासणीला देताना मात्र मुठीची उघडझाप टाळावी, कारण त्यामुळे पोटॅशियम खोटेच वाढलेले दिसू शकते.