बास गरवायचाय: पहिला रॉड, रीळ आणि दोरी कुठली घेऊ? (उत्तर टेक्सास)

खाडीकाठचा

नमस्कार मंडळी,

डॅलसच्या वर, डेंटनच्या बाजूला राहतो. घरामागे वसाहतीचं छोटं तळं आहे आणि गाडीने थोडं पुढे गेलं की रे रॉबर्ट्स लेक. मागच्या आठवड्यात शेजारच्या आजोबांनी तळ्यातून चांगला दीड वितीचा बास काढला आणि माझ्या ९ वर्षांच्या मुलाच्या हातात दिला. तेव्हापासून घरात दुसरा विषय नाही. स्प्रिंग ब्रेक तोंडावर आलाय.

माझा अनुभव म्हणाल तर रेवदंड्याच्या खाडीत बाबांबरोबर गरवण्याचा. बांबूची काठी, तंगूस, शिशाचा तुकडा, गळ आणि आमिषाला कोळंबी. रीळ आयुष्यात हातात धरलेलं नाही. परवा दुकानात गेलो, तर तिथल्या पोराने अर्ध्या तासात दोन रॉड, दोन रिळं, तीन प्रकारच्या दोऱ्या आणि एक भलीमोठी पेटी ट्रॉलीत रचली. बेरीज ४०० डॉलरच्या पुढे. "गाडीतून पाकीट आणतो" म्हणून निघालो तो थेट घरी.

दोघांचं मिळून बजेट १५०, ताणून पावणेदोनशे. स्पिनिंग घेऊ की बेटकास्टर (रिळाचे दोन प्रकार, एवढंच कळलंय)? दोरी मोनो, ब्रेड की फ्लोरोकार्बन? आणि काठीवर 'मिडियम, फास्ट' असं जे लिहितात ते नक्की काय असतं?

सुरमई_प्रेमी

बास म्हणजे आपला जिताडाच ना? मग कालवणाची पाककृती पण टाका.

तंगूस

@सुरमई_प्रेमी, नाही हो. जिताडा म्हणजे आशियाई सी बास, खाडीत-समुद्रात वावरणारा. इथला लार्जमाउथ बास गोड्या पाण्यातला, आणि खरं तर सनफिशच्या कुळातला. तोंड मिटलेलं असताना जबड्याचं टोक डोळ्याच्या मागे गेलं तर लार्जमाउथ, डोळ्याच्या आतच थांबलं तर स्मॉलमाउथ. खातात, चवीला सौम्य असतो, पण बहुतेक गरवणारे परत सोडतात. मीही. जिताड्याची सर नाही.

@खाडीकाठचा, पाकीट आणायला गेलात ते उत्तम केलंत. मी लेक फोर्कच्या जवळ राहतो आणि या नादाला लागून बरीच वर्षं झाली. पैसे कुठे वाया जातात ते स्वतःचे घालवून शिकलोय. माझं मत आधीच सांगतो: रॉड आणि रीळ मध्यम प्रतीचं चालतं, दोरी आणि गाठ मात्र मध्यम चालत नाही. लोक नेमकं उलटं करतात.

काठी. पॉवर म्हणजे ती वाकवायला किती जोर लागतो. अ‍ॅक्शन म्हणजे ती कुठून वाकते. फास्ट असेल तर फक्त शेंड्याकडचा भाग वाकतो, मॉडरेट असेल तर निम्म्यापर्यंत कमान होते. रबरी अळीत एकच जाड गळ लपवलेला असतो, तो बासच्या जबड्यात घुसवायला झटका लागतो, म्हणून तिथे फास्ट. याउलट क्रँकबेटला (माशासारखं दिसणारं कडक नकली आमिष) बारीक तीनतोंडी गळ असतात. तिथे ताठ काठीने झटका दिलात तर तोंडातून उपटूनच येतात, म्हणून मॉडरेट. तुम्हाला एकच घ्यायची आहे, तर स्पिनिंगची मिडियम पॉवर, फास्ट अ‍ॅक्शन घ्या. ७ फुटी बरी, पण तळ्याच्या काठी मागे झाडं असतील तर साडेसहा. ब्रँडपेक्षा मुठीच्या वर छापलेल्या बारीक अक्षरांकडे बघा: दोरी ६ ते १२ पाउंड (म्हणजे दोरीची ताकद), आमिष १/८ ते ५/८ औंस, असं काहीसं हवं.

रीळ २५०० आकाराचं. काही कंपन्या त्यालाच ३० म्हणतात. खोक्यावर 'इतके बेअरिंग' लिहिलेलं असतं त्याला भुलू नका. दुकानात ड्रॅग (मासा ओढेल तेव्हा दोरी सुटू देणारा रिळाचा ब्रेक) थोडा सैल करा आणि हाताने दोरी ओढून बघा. एकसारखी सुटली तर घ्या, अडखळत हिसके देत सुटली तर ठेवा परत. मोठा मासा पळतो तेव्हा त्या हिसक्यालाच दोरी तुटते.

अग्ली स्टिकची जीएक्स२ काठी आणि फ्लूगरचं प्रेसिडेंट रीळ, दोन्ही मिळून साधारण शंभर-सव्वाशेत बसतं. अग्ली स्टिक जराशी जड आहे, पण गाडीच्या दारात सापडली तरी मोडत नाही. नऊ वर्षांचं पोर घरात असताना हा गुण लाखमोलाचा.

रिकामटेकडा_डॅलस

माझं वेगळं मत. बास करायचाच असेल तर सरळ बेटकास्टर घ्या. स्पिनिंग वर्षभर वापराल आणि मग बेटकास्टर घ्यालच, म्हणजे खर्च दोनदा. नेम अचूक बसतो, जाड दोरी चालते, झाडोऱ्यातून मासा खेचून काढता येतो. पहिले दोन-चार दिवस गुंता होतो, मग अंगवळणी पडतं.

तंगूस

"दोन-चार दिवस" वाचून हसलो. माझ्या पहिल्या बेटकास्टरचे पहिले १०० यार्ड मी कात्रीने कापून काढले होते, लेकवर नाही, घरासमोरच्या हिरवळीवर.

नव्या मंडळींसाठी सांगतो. स्पिनिंगचं चाक फेकताना स्थिर राहतं, दोरी नुसती वेटोळ्यांनी सुटते. बेटकास्टरचं चाक फेकताना स्वतः फिरतं. आमिष हवेत मंदावलं आणि चाक त्याच वेगाने फिरत राहिलं की दोरी बाहेर जायच्या ऐवजी आतल्या आत उसळते आणि पक्ष्याचं घरटं तयार होतं. उपाय आहेत: बाजूचा स्क्रू असा लावायचा की सोडलेलं आमिष सावकाश खाली येईल आणि ते जमिनीला टेकताच चाक थांबेल, चुंबकाचा ब्रेक सुरुवातीला जवळपास पूर्ण ठेवायचा, आणि अंगठा सतत चाकावर. पण हे सगळं १/२ औंसाच्या आमिषाला ठीक. हलकी अळी वाऱ्याविरुद्ध फेकायची असेल तर सरावलेल्यांचीही तारांबळ उडते. उत्तर टेक्सासात वसंतात वारा किती असतो ते तुम्हालाही ठाऊक आहे.

दाट झाडोऱ्याबद्दल मात्र तुमचं शंभर टक्के बरोबर. पाणवनस्पतींच्या गालिच्यावर रबरी बेडूक (नकली आमिष) ओढायचा तर मिडियम हेवी किंवा हेवी बेटकास्टर आणि ५० पाउंडी ब्रेड, तिथे स्पिनिंगचं काम नाही. पण वसाहतीच्या तळ्यावर बापलेक जाणार आहेत हो.

मिशिगनवासी

आमच्याकडे लेक सेंट क्लेअरला स्मॉलमाउथसाठी अगदी पट्टीचे लोकही स्पिनिंगच वापरतात. पाणी नितळ, दोरी बारीक लागते. तेव्हा 'स्पिनिंग म्हणजे नवशिक्यांचं' हे डोक्यातून काढा. दोरीबद्दल तंगूस यांनी अजून लिहिलं नाही, आयडी बघता ते त्यांनीच लिहावं.

तंगूस

लिहितो. चहा घेऊन बसलोय.

मोनो म्हणजे आपलं तंगूसच. नायलॉनची एकच तार. ताणली जाते, स्वस्त असते, गाठ छान बसते. ताणली जाते हा दोषही आणि गुणही: लांबवर झटका बोथट होतो, पण नवख्याने घाईत जोरात ओढलं तरी ती सांभाळून घेते. गुंडाळी लक्षात ठेवते, उन्हाने खराब होते, म्हणून हंगामातून एक-दोनदा बदलायची.

फ्लोरोकार्बन दिसायला तशीच, पण जड. बुडते. पाण्याचा प्रकाश-वक्रीभवनाचा आकडा १.३३, हिचा १.४२ आणि नायलॉनचा दीडच्या पुढे, म्हणून पाण्यात ही कमी उठून दिसते. दगडाला घासली तरी टिकते. पण ताठ असते, छोट्या रिळावर स्प्रिंगसारखी उसळते, आणि पाण्यावर तरंगणाऱ्या आमिषाला लावली तर त्याचं नाक खाली ओढते. तिथे ती नकोच.

ब्रेड (पाववाला नव्हे, वेणीवाला) म्हणजे बारीक धागे विणून केलेली दोरी. ताण जवळपास शून्य. मासा आमिषाला नुसता श्वास लावून गेला तरी बोटाला कळतं. ३० पाउंडी ब्रेडची जाडी साधारण ८ पाउंडी मोनोइतकी. तरंगते. पण पाण्यात ठळक दिसते आणि धारदार वस्तूला घासली की गेलीच. तुमच्या रे रॉबर्ट्सला हे फार महत्त्वाचं, कारण तिथे २०१२ पासून झेब्रा शिंपले आहेत. बुडालेल्या लाकडांवर, दगडांवर त्यांचा थर असतो आणि कडा ब्लेडसारख्या. ब्रेड त्यावरून ओढली की दुसऱ्यांदा ओढायची वेळ येत नाही.

म्हणून स्पिनिंगवर माझी जोडणी अशी: रिळावर १० पाउंडी ब्रेड, पुढे ६-७ फूट ८ किंवा १० पाउंडी फ्लोरोची लीडर, म्हणजे आमिषाकडचा शेवटचा तुकडा. जोडायला डबल युनी गाठ, आमिषाला पालोमार. गाठ आवळण्याआधी थुंकीने ओली करायची, कोरडी आवळली तर घर्षणाच्या उष्णतेने दोरी तिथेच कमजोर होते.

हे सगळं नको वाटलं तर ८ पाउंडी मोनो भरा आणि वर्षभर सुखाने गरवा. खरंच. ट्राइलीन एक्सएलचं मोठं रीळ दहाएक डॉलरला येतं. ती मऊ आहे, स्पिनिंगला छान.

मुलाला: झेब्को ३३ चा संच, साडेपाच फुटी. बटण दाबायचं, सोडायचं, काम झालं. आमिषाला नकली काही नको. छोटा गळ, वर तरंगता बोंडा, खाली अर्धं गांडूळ. ब्लूगिल (छोटे सनफिश) लागतील धडाधड. मुलांना मोठा मासा नको असतो, लगेच मासा हवा असतो.

खाडीकाठचा

जीएक्स२ साडेसहा फुटी आणि तुम्ही सांगितलेल्या आकाराचं रीळ घेतलं. मुलाला झेब्को. एकूण १५८ डॉलर. हौस म्हणून स्वतःसाठी ब्रेडच घेतली, घरी बसून भरली. पण रीळ बहुतेक सदोष निघालंय. ड्रॅग पूर्ण आवळला तरी दोरी ओढली की सुटतेच. परत करू का?

मिशिगनवासी

थांबा, दुकानात जाऊ नका. ब्रेड थेट धातूच्या चाकावर बांधलीत का?

खाडीकाठचा

हो. म्हणजे?

मिशिगनवासी

म्हणजे रीळ बिचारं ठीक आहे. ब्रेड गुळगुळीत असते, ती धातूला पकडत नाही. दोरीचा अख्खा गठ्ठाच चाकावर गोल फिरतोय आणि तुम्हाला वाटतंय ड्रॅग सुटतोय. सगळी काढा. आधी ८-१० यार्ड मोनो गुंडाळा, तिला ब्रेड जोडा, मग भरा. चाकाच्या काठापासून साधारण १/८ इंच जागा सोडा. काठोकाठ भरलीत तर फेकताना एकदम वेटोळी निघतील.

शिवाय फेकल्यावर रिळावरची धातूची तार हँडल फिरवून नाही, हाताने बंद करायची. आणि मासा दोरी ओढत असताना हँडल फिरवत राहू नका, दोरीला पीळ पडतो.

खाडीकाठचा

झालं. तेच होतं. आता ड्रॅग खिळ्यासारखा धरतोय.

तंगूस

खिळ्यासारखा नको. दोरीच्या ताकदीच्या पाव ते एक तृतीयांशावर सुटायला हवा. ८ ची लीडर असेल तर सव्वादोन-अडीच पाउंडाला. भाजीचा स्प्रिंगकाटा असेल तर तो अडकवून बघा.

सुरमई_प्रेमी

लायसन लागतं का तिकडे? की आपल्यासारखं बसा खाडीवर नि टाका गळ?

तंगूस

१७ वर्षांखाली लागत नाही, मोठ्यांना लागतं. टेक्सासच्या रहिवाशाला गोड्या पाण्याचं साधारण ३० डॉलर. स्टेट पार्कच्या आत काठावरून गरवलं तर मात्र लागत नाही, म्हणजे रे रॉबर्ट्सच्या पार्कात पहिल्यांदा जाऊन बघायला हरकत नाही. काही पार्कांत काठीसुद्धा उसनी मिळते. लार्जमाउथ ठेवायचा तर किमान १४ इंच, दिवसाला ५. काही लेकवर वेगळा नियम असतो. आमच्या फोर्कवर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक मासा परत सोडावा लागतो, आणि म्हणूनच तिथे मोठे मासे उरतात. राज्याचा विक्रमी बास, १८.१८ पाउंडांचा, जानेवारी १९९२ मध्ये इथेच निघाला. माझा सगळ्यात मोठा किती ते विचारू नका.

खाडीकाठचा

अहवाल. रविवारी सकाळी तळ्यावर गेलो. मुलाने दोन तासांत ११ ब्लूगिल काढले, सगळे तळहाताएवढे, आणि प्रत्येकाला नाव दिलं. मला पावणेनऊला लागला. कमळांच्या कडेला रबरी अळी पडली आणि दोरी आपोआप बाजूला चालायला लागली. झटका दिला, काठी वाकली, मासा एकदा पूर्ण हवेत उडाला आणि दोरी मोकळी. काढून बघितलं तर टोक डुकराच्या शेपटीसारखं कुरळं झालेलं.

तंगूस

कुरळं टोक म्हणजे दोरी तुटली नाही, गाठ सरकून सुटली. साफ कापल्यासारखं असतं तर शिंपला किंवा दगड म्हटलं असतं. कुठली गाठ होती?

खाडीकाठचा

बाबांनी शिकवलेली. खाडीतली.

तंगूस

तिला नाव आहे का? की नुसतीच "बाबांची"? जाड तंगूसला ती टिकत असणार, बारीक फ्लोरोला नाही. पालोमार शिका, पाच मिनिटांचं काम. दोरी दुहेरी करून गळाच्या डोळ्यातून ओवायची, साधी सैल गाठ मारायची, मग तो फास अख्ख्या गळावरून काढून ओली करून आवळायची. टीव्ही बघत वीस वेळा मारा.

रिकामटेकडा_डॅलस

आणि बेटकास्टर?

खाडीकाठचा

@रिकामटेकडा_डॅलस, दिवाळीला बघू.

काल संध्याकाळी पुन्हा गेलो होतो. पालोमारने. १३ इंची निघाला, पोराने पट्टी लावून मोजला आणि स्वतःच्या हाताने सोडला. तिथूनच बाबांना व्हिडिओ कॉल केला, रेवदंड्यात पहाटेचे साडेपाच. मासा बघितलाच नाही त्यांनी. पहिला प्रश्न, "तंगूस केवढ्याची लावलीस?" आठची म्हटलं. "खाडीत असतास तर दोरीच परत आली असती," म्हणाले आणि चहा ठेवायला गेले.