क्लासिकल गिटार शिकून जर्मनीत पोट भरतं का? भाचीसाठी विचारतोय

निफाडचे_मामा
भाची १९ वर्षांची. ट्रिनिटीची (लंडनच्या संगीत परीक्षांची) आठवी, म्हणजे शेवटची ग्रेड झालीय, कॉलेज रोडला क्लास. जर्मनीत बॅचलर करून तिथेच वादक म्हणून राहायचं म्हणते. प्रवेश कुठे अडतो, पुढे मिळकत कशातून होते आणि इथली गिटार तिकडे टिकते का?

सहावी_तार
मामा, आठवी ग्रेड म्हणजे उंबरठा समजा. प्रवेश परीक्षेत साधारण १५-२० मिनिटांचा कार्यक्रम लागतो, तोही वेगवेगळ्या काळांतला: बाखच्या ल्यूट (गिटारसारखं जुनं तंतुवाद्य) सुइटमधला एखादा भाग, सोर किंवा जुलियानी या जुन्या गिटार-रचनाकारांचं काही, शिवाय विसाव्या शतकातलं काही, उदा. व्हिला-लोबोसच्या १२ एत्यूदांपैकी (सरावाच्या रचना) एक. अवघड तुकडा धडपडत वाजवण्यापेक्षा सोरची एत्यूद स्वच्छ वाजवलेली बरी. परीक्षक मध्येच थांबवतात, त्याचा अर्थ वाईट घेऊ नये.

एक बारीक गोष्ट. सहावी तार नेहमीच्या ई सुरावरून डीवर उतरवायची असेल तर तो तुकडा शेवटी ठेवा. उतरवलेली नायलॉनची तार हळूहळू वर सरकते आणि परत ईला चढवली की खाली घसरते. मधल्या तुकड्याची माती होते.

पण आपली मुलं खरी पडतात ती थिअरी आणि कानाच्या पेपरात. सरगममुळे सुरांची चाल पटकन ओळखू येते, मात्र तिथे उभा कान लागतो: कॉर्ड (एकत्र वाजणारे सूर) कोणती, तिचं कुठलं इन्व्हर्जन (तळाला कोणता सूर), दोन आवाज एकत्र ऐकून लिहिण्याचं डिक्टेशन. त्यात दुय्यम वाद्य म्हणून पियानो. गिटारवाले फक्त ट्रेबल क्लेफ (वरच्या सुरांची लिपी) वाचतात, बास क्लेफ (खालच्या सुरांची) आयुष्यात पाहिलेला नसतो. वर्षभर आधी रोज अर्धा तास कीबोर्डवर बसवा.

अर्ज बहुतेक ठिकाणी मार्च-एप्रिलपर्यंत, परीक्षा मे अखेर ते जुलै. आधी व्हिडिओ मागतात. एक रचना सलग एका टेकमध्ये, वरून रिव्हर्ब (कृत्रिम घुमारा) नको.

गंगापूर_रोड
पैशाचं सांगतो. सरकारी संगीत विद्यापीठांत बऱ्याच राज्यांत शिकवणी फी नसते. बाडेन-व्युर्टेमबर्गमध्ये मात्र २०१७ पासून युरोपियन युनियनबाहेरच्यांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात. म्हणजे श्टुटगार्ट, फ्रायबुर्ग, कार्ल्सरुहं, मानहाइम, ट्रॉसिंगन. व्हिसासाठी एपीएस प्रमाणपत्र (इथल्या शैक्षणिक कागदपत्रांची पडताळणी) आणि ब्लॉक्ड अकाउंटला (राहण्याच्या खर्चाचे पैसे आधीच भरून ठेवायचं खातं) सध्या वर्षाचे ११,९०४ युरो.

आता मिळकत. मैफलींवर जगणारे गिटारवादक हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. बाकीच्यांचं घर शिकवण्यावर चालतं, जोडीला बासरी-गिटार ड्युओ, चर्च, लग्नं. म्हणून अर्ज करतानाच शिक्षणशास्त्राचा भाग असलेला अभ्यासक्रम निवडावा. नुसती वादनाची पदवी शहराच्या संगीतशाळेत कमी कामाची. तिथली पूर्णवेळ जागा म्हणजे आठवड्याला ४५ मिनिटांचे ३० तास, पण जाहिराती बहुतेक अर्ध्या-पाव जागांच्या येतात. त्यामुळे दोन शाळा आणि एक ट्रेनचा पास, असं आयुष्य.

फ्रीलान्स असेल तर केएसके, म्हणजे कलाकारांचा सामाजिक विमा. आरोग्य, पेन्शनचा अर्धा वाटा तिथून येतो. वर्षाला ३,९०० युरोंच्या वर कलेची कमाई हवी, सुरुवातीच्या तीन वर्षांत ही अट नाही. २८ जून २०२२ ला तिथल्या फेडरल सोशल कोर्टाने हेरेनबेर्गच्या एका संगीतशिक्षिकेला फ्रीलान्सर नव्हे, कर्मचारी ठरवलं. तेव्हापासून शाळा मानधनाची कंत्राटं करायला बिचकतात.

आणि विद्यार्थी व्हिसावर स्वतंत्र बिलं फाडायला परदेशी नागरिक कार्यालयाची वेगळी परवानगी लागते. वर्षाला नोकरीचे १४० पूर्ण दिवस चालतात, स्वतंत्र काम मात्र त्यात येत नाही. इथेच लोक अडकतात. पदवीनंतर काम शोधायला १८ महिने मिळतात, तोवर जर्मन बी२ (भाषेची मध्यमच्या वरची पातळी) नसेल तर सात वर्षांच्या पोराला शिकवणार कसं?

स्प्रूस
गिटार टिकते, काळजी घेतली तर. निफाडचा गारठा वेगळा आणि हीटरने कोरडी पडलेली खोली वेगळी. बाहेर उणे तापमान असलं की आत आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली जाते. बागायतदाराला आर्द्रतेचं महत्त्व मी काय सांगू! पहिली खूण: फिंगरबोर्ड आकसून फ्रेटची टोकं तळहाताला बोचतात. मग टॉप (वरची फळी) बसतो, तारा फ्रेटला घासतात, शेवटी ब्रिजजवळ तडा. केसमध्ये ह्युमिडिफायर (ओलावा देणारं साधन) आणि डिजिटल मीटर ठेवा, ४५ ते ५५ टक्के राखा.

विमानात शक्यतो केबिन. सामानात टाकावीच लागली तर तारा दोन-तीन सूर सैल करा आणि केसमध्ये हेडस्टॉकच्या (खुंट्या असलेलं टोक) खाली-वर कापड भरा, तुटते ती तिथेच. शिसवीची मागची बाजू असली तरी तयार वाद्याला नोव्हेंबर २०१९ पासून साइट्सचा (दुर्मीळ प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार) कागद लागत नाही. ब्राझिलियन रोझवूड असेल तर लागतो.

निफाडचे_मामा
आभार. परीक्षेच्या आदल्या दिवशी नख तुटलं तर?

स्प्रूस
पिंगपाँगच्या चेंडूचा तुकडा नखाच्या आकारात कापून सुपरग्लूने खालून चिकटवा, २००० नंबरच्या पॉलिश पेपरने कड गुळगुळीत करा. आवाज थोडा पातळ येतो, म्हणून एकदा घरी सवय करून ठेवायला सांगा.