यानाला ब्रेक नसतो तर थांबवायचं कसं? गोष्टीसाठी विचारतोय

तापीकाठ: विज्ञानकथा लिहितोय, जळगावचा पोरगा मालवाहू यानाचा कप्तान होऊन मंगळावर माल नेतो. मित्राने वाचली तर म्हणे तुझं यान विमानासारखं वळतंय, इंजिन बंद केलं की थांबतंय, हे चालणार नाही. पण तिथे वजनच नाही, मग पटकन वळायला अडचण काय? नीट समजून लिहायचंय, सांगा कोणीतरी.

भुसावळ_लोको: वजन जातं भाऊ, वस्तुमान कुठे जातं. मी मालगाडी चालवतो, लोडेड गाडी असली तर ब्रेकचा विचार किती आधीपासून डोक्यात चालू असतो, आणि इथे तर रूळ आहेत, घर्षण आहे. तिथे तेही नाही, इंजिन बंद केलं तरी त्याच वेगाने जातच राहणार. थांबायचं तर यान उलटं फिरवून तेवढाच जोर परत लावायचा. आणि नुसतं तोंड फिरवून दिशा बदलत नाही, तोंड सुरतेकडे आणि गाडी चाललीय नागपूरला असं होतं.

अमळनेर_मास्तर: तुना प्रश्न भारी शे भो. कक्षेत तर अजून उलटं आहे. १९६५ ला अमेरिकेच्या जेमिनी ४ यानातून अंतराळवीर मॅकडिव्हिट आपल्याच रॉकेटच्या सुटलेल्या टप्प्याजवळ जायला गेला, त्याच्याकडे तोंड करून जोर लावला तर जवळ जाणंच जमेना, इंधन फार खर्च होऊ लागलं म्हणून सोडून द्यावं लागलं. वेग वाढवला की कक्षा उंचावते, फेरीला जास्त वेळ लागतो, मागे पडतो. पुढच्याला गाठायचं तर आधी वेग कमी करून खाली यायचं, हे तुझ्या कप्तानाला यायलाच पाहिजे. आणि रोख मंगळावर धरायचा नाही. आपलं मंगळयान १ डिसेंबर २०१३ ला पृथ्वी सोडून निघालं, २४ सप्टेंबर २०१४ ला पोचलं, जिथे पोचलं तिथे निघताना मंगळ नव्हताच. पुरात नावाडी समोरच्या घाटाच्या बराच वर नाव धरतो ना, तसं.

तापीकाठ: नावाडी घेतोच कथेत. पण ऐन वेळी इंजिन दगा देऊन गेलं तर?

भुसावळ_लोको: तर स्टेशन मागे जातं. जपानचं आकात्सुकी यान डिसेंबर २०१० मध्ये शुक्राजवळ असंच चुकलं, मुख्य इंजिन बिघडलं, मग पाच वर्षं सूर्याभोवती फिरलं आणि २०१५ च्या डिसेंबरात दिशा सांभाळायच्या छोट्या इंजिनांवर (थ्रस्टर) शुक्राच्या कक्षेत शिरलं. तुझ्या कप्तानाला ती पाच वर्षं दे, खायला किती उरलंय ते आधी मोज.