नॉर्थ कॅरोलिनातला मिठाच्या झिलईचा बुधला: ओळख, चीर आणि वापर

निळीशाई
ग्रीन्सबरोजवळ घरसामानाच्या एका विक्रीत स्टोनवेअरचा, म्हणजे खूप तापवून भाजलेल्या घट्ट मातीचा, बुधला घेतला. उंची 14 इंच, एक कान, अरुंद तोंड. खांद्यावर '2' ठोकलेला आहे, नाव कुठेच नाही. अंग राखाडी-तपकिरी. एका बाजूला छान चकाकी, दुसरी बाजू जवळपास कोरडी. खांद्यावर हिरवट काचेचा एक टपोरा थेंब. बुडापासून केसाएवढी चीर चार बोटं वर गेलीय आणि ती काळी पडलीय. झिलई मिठाचीच आहे का? जुना की नवा? डाग कसा काढायचा? आणि यात लोणचं घातलं तर चालेल का?

चाकावरची_माती
आधी हाताने बघा. बोट फिरवल्यावर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खळगे लागले तर मिठाचीच झिलई. आपल्या दोन रंगी लोणच्याच्या बरणीचा गुळगुळीतपणा इथे नसतो. आपल्याकडे ड्रेनेजला चिनी मातीचे जे जुने तपकिरी पाईप घालत, त्यांची झिलई मात्र याच जातीची.

ही झिलई भांड्याला आधी लावत नाहीत. भट्टी साधारण 1250 अंश सेल्सियसला पोचली की तिच्या कमानदार छतातल्या भोकांतून साधं मीठ थोडं थोडं आत टाकतात. त्याची वाफ होते, त्यातलं सोडियम मातीतल्या सिलिका-अॅल्युमिनाशी जुळतं आणि पृष्ठभागावरच पातळ काच तयार होते. वाफ जिथे पोचली नाही ती बाजू कोरडी राहते. सीग्रोव्ह या नॉर्थ कॅरोलिनातल्या कुंभारांच्या भागातल्या भट्ट्या लांबट, बुटक्या, अर्ध्या जमिनीत गाडलेल्या. एका टोकाला जाळ, दुसऱ्या टोकाला धुराडं. जाळाकडच्या अंगावर वाफ आणि उडती राख दोन्ही जास्त बसतात, म्हणून तिकडे चकाकी.

हिरवा थेंब तर उत्तम खूण. मीठ भट्टीच्या विटांवरही बसतं, वितळतं आणि कमानीतून खालच्या भांड्यावर टपकतं. तो दोष समजून घासू नका, सुरीने उडवायला तर अजिबात जाऊ नका. खालच्या झिलईचा टवका सोबत निघतो.

भट्टीवाली
'2' म्हणजे दोन गॅलन, साधारण साडेसात लिटर. नाव नसणं इथे नेहमीचंच. असलंच तर खांद्यावर किंवा कानाच्या टोकाशी शोधा. निळं कोबाल्टचं चित्र नाही म्हणून किंमत कमी धरू नका. ती पद्धत उत्तरेकडच्या राज्यांची, इथली भांडी बहुतेक साधीच. इथल्याच चेस्टर वेबस्टर या जुन्या कुंभाराने कोरलेले पक्षी आणि मासे हा ठळक अपवाद.

झिलई हिरवी-तपकिरी असून ओघळ खाली आले असते तर ती राखेची, याच राज्यातल्या कॅटॉबा खोऱ्यातली. तुमचं वर्णन तसं नाही.

वयासाठी बूड उलटं करा. चाकावरून पिळाच्या तारेने कापल्याच्या शिंपल्यासारख्या कमानी दिसतात का? भट्टीच्या जमिनीवरची वाळू चिकटलीय का? या दोन गोष्टींवरून बनवण्याची पद्धत कळते, वय नाही, कारण सीग्रोव्हमध्ये मिठाची भट्टी आजही लागते. वय कळतं झिजेवरून. टेकणाऱ्या कडेची झीज गुळगुळीत आणि कमी-जास्त असावी, खोलगट भागात मळ मुरलेला असावा. सगळीकडे सारखे ताजे ओरखडे असतील तर पॉलिश पेपर फिरवलाय.

एक संदर्भ: राज्यात 1909 पासून दारूबंदी लागू झाली आणि दारूच्या बुधल्यांची मागणी कोसळली. त्यामुळे असा साधा कामाचा बुधला जुना असेल तर बहुधा त्याआधीचा.

निळीशाई
बुडाला वाळू आहे, कमानीही आहेत. कडेची झीज एकाच बाजूला जास्त. मग चिरेचं काय करू?

चाकावरची_माती
ब्लीच नको, कितीही डाग निघो. ते चिरेत मुरतं, सुकताना आत क्षार धरतात आणि झिलईचे पापुद्रे उडतात.

आधी अंधारात अल्ट्राव्हायोलेट टॉर्च मारा. चिरेच्या आजूबाजूचा भाग वेगळा चमकला तर तिथे गोंद किंवा रंग आहे. मग पाण्यात घालूच नका, जुनी डागडुजी सुटेल. तसं काही नसेल तर डिस्टिल्ड पाण्यात दोन दिवस बुडवा, पाणी रोज बदला. नंतर औषधाच्या दुकानातल्या 3 टक्के हायड्रोजन पेरॉक्साइडचा कापूस चिरेवर ठेवा, वरून प्लास्टिक गुंडाळा, काही तासांनी बघा. दोन-तीन वेळा करावं लागतं. शेवटी परत साध्या डिस्टिल्ड पाण्यात ठेवा आणि सावलीत आठवडाभर सुकू द्या. ओव्हन किंवा हेअर ड्रायर लावलात तर चीर पुढे धावते.

भट्टीवाली
लोणचं नको. मिठाच्या झिलईत शिसं नसतं, त्यामुळे भीती झिलईची नाही. पण अरुंद तोंडातून वाफ आत फारशी जात नाही, म्हणून आतली बाजू बहुधा उघडीच असते. उत्तरेकडे भांडी आतून ऑल्बनी स्लिपने, म्हणजे गडद तपकिरी झिलई देणाऱ्या पातळ मातीने, माखत. तुमच्यात टॉर्च टाकून बघा. आतून खरखरीत राखाडी दिसलं तर आधी त्यात रॉकेल होतं की आणखी काही, ते चिरेत अजूनही असू शकतं. शिवाय तेल-खार चिरेत गेला की तो डाग पेरॉक्साइडलाही दाद देत नाही.

आणि उचलताना कानाला धरून नको. कान अंगाला जिथे जोडलाय तिथे बारीक फट असू शकते. एक हात बुडाखाली, दुसरा पोटाला.