मदत हवी आहे: ओठावर सोललंय, सोमवारच्या आत बरं व्हायला काय लावू?

घाईगर्दी
चार दिवस झाले. वरच्या ओठावर डावीकडे लाल चट्टा उठला होता, तो आता तपकिरी आणि कडक झालाय. हसलं की ताणतं, पाणी लागलं की चुरचुरतं. सोमवारी जायचंय, त्याच्या आत बरं व्हायला हवं. घरात असतं असं काहीतरी सांगा. गूगल करून दमले. लवकर प्लीज.

चष्मिष्ट
सोमवारी कुठे जायचंय? आणि चार दिवसांपूर्वी काय झालं? थ्रेडिंग, वॅक्स, केस काढायचं क्रीम, की धडपडलात?

आजीबाईंचा_बटवा
कुंडीतली कोरफड तोडायची, चिरायची आणि थेट चोळायची. आमच्याकडे दुसरं काही लागतच नाही.

चष्मिष्ट
अहो, सोललेल्या कातडीवर चोळायचं? पान कापल्यावर जो पिवळा चीक येतो त्याने चांगल्या कातडीलाही खाज सुटते.

आजीबाईंचा_बटवा
चीक निथळून जाऊ द्यायचा असतो, हे सांगायला लागतं का?

घाईगर्दी
वॅक्स. पार्लरमध्ये. मला वाटलं कळेल. भांडू नका हो, फक्त काय लावू ते सांगा.

लेझरवाली
वॅक्स सोड गं बाई. मी लेझरच्या आठ सिटिंग केल्या, कायमची सुटका. ना सोलणं, ना पुरळ.

उगाचच
'कायमची' नाही. अमेरिकेच्या एफडीएने, म्हणजे औषधं-उपकरणांना मंजुरी देणाऱ्या संस्थेनेसुद्धा, लेझरला 'कायमस्वरूपी घट' एवढंच म्हणायची मुभा दिली आहे. कायमचे काढणं म्हणायचं तर इलेक्ट्रोलिसिस, एकेका केसाच्या मुळाशी सुई घालून. पीसीओएस, म्हणजे बीजाशयाची हार्मोन्सची तक्रार, असेल तर हनुवटीवर नवे केस येत राहू शकतात. काही जणींना तर लेझरनंतर चेहऱ्यावर उलट जास्त केस येतात.

लेझरवाली
मला नाही आले.

उगाचच
मी 'काही जणींना' म्हणालो.

कानामात्रा
विषय निघालाच आहे तर, माझ्या कानांवर केस वाढलेत, चाळिशीनंतर फारच. त्याला लेझर चालतं का?

पट्टीची
घाईगर्दी, मी चौदा वर्षं वॅक्सिंगचंच काम करते, म्हणून विचारते. रात्री चेहऱ्याला काय लावतेस?

घाईगर्दी
काही नाही. फेसवॉश आणि साधं मॉइश्चरायझर.

पट्टीची
पिंपल्ससाठी काही? डॉक्टरांनी दिलेलं, मैत्रिणीने सुचवलेलं, काहीही.

घाईगर्दी
हो, ते आहेच की. अ‍ॅडापलीन, तीन महिने झाले. पण ते गालांना लावते, ओठावर नाही!

पट्टीची
सापडलं. अ‍ॅडापलीन, ट्रेटिनॉइन, रेटिनॉल ही सगळी एकाच घरातली. त्यांनी वरची कातडी नाजूक होते. पट्टी ओढली की केसाबरोबर कातडीचा थरही निघतो. गालाला लावलेलं उशीवर, हातावर पसरत ओठापर्यंत जातंच. चेहऱ्याचं वॅक्स असेल तर आठवडाभर आधी हे बंद ठेवायचं. ग्लायकॉलिक किंवा सॅलिसिलिक अ‍ॅसिडवालं काही असेल तर तेही. पिंपल्सच्या गोळ्या, आयसोट्रेटिनॉइन, घेतल्या होत्यास का? त्या थांबवल्यावरही सहा महिने वॅक्स करायचं नसतं.

घाईगर्दी
गोळ्या नाही. पार्लरमध्ये कोणी विचारलंच नाही.

पट्टीची
विचारायला हवं होतं. आमच्यातही आळशी लोक आहेत.

आता काय करायचं: अ‍ॅडापलीन बंद. कोमट पाण्याने हलक्या हाताने धू, टॉवेलने टिप, घासू नकोस. मग साध्या पेट्रोलियम जेलीचा पातळ थर, दिवसातून दोन-तीन वेळा. सुगंधी काही नको, स्क्रब नको, आणि ती कडक खपली नखाने काढायची नाही. हात शिवशिवतील, तरी नाही. जागा भरून आली की सनस्क्रीन, एसपीएफ ३० किंवा जास्त, रोज, ढगाळ दिवशीसुद्धा. तोवर उन्हात तोंड झाकून. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या कातडीवर जखम भरते पण डाग मागे राहतो, आणि ऊन लागलं की तो गडद होतो. फिकट व्हायला महिने लागतात. सोमवारपर्यंत जाणार नाही, हे आत्ताच सांगते.

वाचनमात्र
+१. शिवाय पू आला, लाली पसरायला लागली, ताप आला किंवा पाण्याच्या फोडांचा पुंजका उठला तर डॉक्टरकडेच जा. ओठाच्या आसपास वॅक्स किंवा लेझर केल्यावर नागीण कुळातला तो ओठावरचा हर्पिस काहींना परत उठतो. त्याचं औषध वेळेत घ्यावं लागतं.

चष्मिष्ट
सोमवारी कुठे जायचंय हे अजून कोणी सांगितलेलं नाही.

घाईगर्दी
लेझरलाच! पहिली सिटिंग, चेहऱ्याची. म्हणून तर घाई. आधी केस काढून स्वच्छ करून जावं म्हणून वॅक्स केलं.

पट्टीची
अगं!!

उगाचच
म्हणजे सगळा प्रश्नच वेगळा होता.

लेझरवाली
जाऊ नकोस. हे मीसुद्धा सांगते. लेझरचा प्रकाश केसातला काळा रंग पकडतो आणि त्या वाटेने उष्णता मुळाशी पोचते. वॅक्सने तू केस मुळासकट काढलास, आता तिथे पकडायला काही नाही. आधी चार आठवडे वॅक्स, थ्रेडिंग, चिमटा सगळं बंद. फक्त आदल्या दिवशी रेझर फिरवायचा.

पट्टीची
आणि प्रकाशाला केसातला काळा आणि डागातला काळा वेगळा कळत नाही. आज तुझ्या ओठावर तपकिरी डाग आहे, त्यावर शॉट मारला तर भाजेल. जखम भरून चार आठवडे जाऊ देत. मग गेल्यावर मशिन कुठलं ते विचार. सावळ्या कातडीला एनडी-याग नावाचं लेझर, १०६४ नॅनोमीटरवालं, जास्त सुरक्षित. आधी छोट्या जागेवर पॅच टेस्ट करून घे, आणि अ‍ॅडापलीनचं नाव स्वतःहून सांग. नंतर केसांच्या मुळाशी बारीक लाल पुटकुळ्या दिसतील, एक-दोन दिवसांत बसतात. त्यावर कापडात गुंडाळलेला बर्फ. तेवढे दोन दिवस गरम पाणी, व्यायामाचा घाम, परफ्यूम नको.

घाईगर्दी
फोन केला. तिकडे म्हणतात, "काही होत नाही मॅडम, या तुम्ही." डाग आहे सांगितलं तर म्हणे, "त्याच्यासाठीही आमच्याकडे पॅकेज आहे."

चष्मिष्ट
😂 पुढे?

घाईगर्दी
पुढची तारीख घेतली, सहा आठवड्यांनंतरची. जेली लावून बसलेय. तोवर ओठावर केस उगवले तर काय करायचं?

लेझरवाली
रेझर. आणि हो, रेझरने केस दाट होत नाहीत. टोक बोथट कापलं जातं म्हणून राठ वाटतात, बस. पण जखम भरल्यावरच हं.

आजीबाईंचा_बटवा
कोरफड पण चालली असती.

कानामात्रा
माझ्या कानांचं?

पट्टीची
केस काळे आहेत की पांढरे?

कानामात्रा
बहुतेक पांढरे.

पट्टीची
मग लेझरला ते दिसणारच नाहीत. ट्रिमर घ्या.