अमेरिकेत राज्यशास्त्राची पीएचडी : प्रबंधाचा विषय आणि पुढची नोकरी, सल्ला हवा आहे

नमस्कार मंडळी,

मी मूळची तासगावकडची. पुण्यात राज्यशास्त्रात एमए केलं. आता अमेरिकेच्या मिडवेस्टमधल्या एका स्टेट युनिव्हर्सिटीत पीएचडीचं तिसरं वर्ष चालू आहे. गेल्या महिन्यात कॉम्प्स, म्हणजे प्रबंधाआधीची पात्रता परीक्षा, पास झाले. मे अखेर प्रॉस्पेक्टस, म्हणजे प्रबंधाचा आराखडा, कमिटीपुढे मांडायचं आहे, म्हणजे प्रबंध कशावर हे आता ठरवायलाच हवं, आणि तिथेच मी अडले आहे. या क्षेत्रातलं आमच्या घरात, नात्यात कुणीच नाही. इथे भेटणारी मराठी मंडळी जवळजवळ सगळी आयटीतली. ती आपुलकीने विचारतात, "राज्यशास्त्र करून पुढे काय?" आणि मला नीट उत्तर देता येत नाही.

डोक्यात दोन विषय आहेत.

पहिला घरातूनच आला. माझी आई राखीव वॉर्डातून ग्रामपंचायतीवर निवडून आली होती. पाच वर्षं तिने मन लावून काम केलं, पाण्याच्या पाइपलाइनसाठी पंचायत समितीत किती खेटे घातले त्याला गणती नाही. पुढच्या वेळी सोडतीत वॉर्ड खुला झाला आणि पॅनेल ठरवताना तिला कुणी विचारलंसुद्धा नाही. मी तेव्हा शाळेत होते. इथे पहिल्या वर्षी वाचनाच्या यादीत रिखिल भवनानी यांचा 'अमेरिकन पोलिटिकल सायन्स रिव्ह्यू'मधला २००९ चा लेख होता, तोही चक्क मुंबई महापालिकेवर. १९९७ मध्ये महिलांसाठी राखीव असलेले आणि २००२ मध्ये खुले झालेले वॉर्ड त्यांनी तपासले. एरवीच्या खुल्या वॉर्डांपेक्षा तिथे बाई निवडून येण्याची शक्यता सुमारे पाचपट निघाली. वॉर्ड सोडतीने ठरतात, म्हणून ही तुलना प्रयोगासारखीच विश्वासाची. तो लेख मी रात्रीत तीनदा वाचला. मुंबईत आरक्षण गेल्यावरही दार उघडं राहिलं, मग आमच्या गावात ते का मिटलं? हा प्रश्न तेव्हापासून पाठ सोडत नाही.

दुसरा विषय इथला. अमेरिकेत नव्वद हजारांच्या आसपास स्थानिक सरकारं आहेत : काउंटी, शहरं, स्कूल डिस्ट्रिक्ट, अगदी पाण्याचे आणि अग्निशमनाचे स्वतंत्र जिल्हेसुद्धा. त्यांच्या पुष्कळशा निवडणुका अध्यक्षीय निवडणुकीच्या दिवशी होत नाहीत, भलत्याच महिन्यात होतात. विस्कॉन्सिनमध्ये एका मैत्रिणीबरोबर एप्रिलच्या मतदानाला गेले होते. शाळेच्या जिममध्ये टेबलं मांडून स्वयंसेवक आजीआजोबा बसलेले आणि मतदार मोजून चार. आमच्याकडे ग्रामपंचायतीच्या मतदानाला मुंबईहून गाड्या भरून माणसं येतात, आणि इथे शाळेचं बजेट ज्यांच्या हाती जाणार त्यांना निवडायला चार जण! बर्कलीच्या सारा अँझिया यांनी दाखवलं आहे की अशा आडवेळच्या निवडणुकांत मतदान घटतं आणि संघटित गटांचं, उदाहरणार्थ शिक्षक संघटनांचं, वजन वाढतं. कॅलिफोर्नियाने २०१५ मध्ये कायदा करून कमी मतदान होणाऱ्या शहरांना निवडणुका राज्याच्या निवडणुकांबरोबर घ्यायला लावल्या. त्यानंतर कोण मतदार वाढले, कोण उमेदवार उभे राहिले, यावर मला काम करायला आवडेल.

माझे गाइड म्हणतात, "दुसरा विषय घे. भारतावरच्या माणसासाठी जाहिरात क्वचित निघते." कमिटीतल्या दुसऱ्या प्राध्यापिका म्हणतात, "पहिला घे. अमेरिकन पॉलिटिक्समध्ये तुझ्यासारखे पुष्कळ आहेत, तिथे तुझं वेगळेपण काय?" दोघंही माझ्या भल्याचंच सांगत आहेत.

त्यात काळ असा. २०२५ मध्ये संशोधनाला पैसे देणाऱ्या एनएसएफ या सरकारी संस्थेने चालू असलेली शेकडो अनुदानं मध्येच रद्द केली. पेंटागॉनचा सामाजिक शास्त्रांसाठीचा मिनर्व्हा कार्यक्रम बंद झाला. परदेशांना मदत देणारी यूएसएड ही सरकारी संस्था गेली, आणि विकास प्रकल्पांचं मूल्यमापन करणाऱ्या संस्थांत आमच्या सीनियर्सना ज्या नोकऱ्या मिळायच्या त्याही गेल्या. मला पाच वर्षांच्या स्टायपेंडची हमी आहे, सहाव्याचं काही सांगता येत नाही असं विभागाने कळवलं आहे. वर व्हिसाची काळजी आहेच.

तर विचारायचं ते असं. यातला कुठला विषय घेतला तर प्राध्यापकी आणि बाहेरची नोकरी, दोन्ही दारं उघडी राहतील? आणि बाहेर म्हणजे नक्की कुठे? "डेटा सायन्स कर" हे सगळे सांगतात, पण मला निवडणुकांपासून दूर जायचं नाही. कृपया अनुभवाचं सांगा.

प्रतिसाद १

कॉम्प्स झाल्याबद्दल आधी अभिनंदन, पोरी! मी इथल्या एका छोट्या कॉलेजात राज्यशास्त्र शिकवते, चौदा वर्षं झाली. दर सेमिस्टरला चार कोर्स, संशोधन उन्हाळ्यात.

तुझे दोन विषय मला दोन वाटतच नाहीत. छोट्या निवडणुकीचा नियम बदलला की कोण पुढे येतं आणि नियम परत फिरला की कोण टिकतं, हाच तुझा प्रश्न आहे. तीन लेखांचा प्रबंध कर : दोन लेख इथल्या निवडणुकांवर, तिसरा महाराष्ट्रातल्या सोडतीवर. मात्र जॉब मार्केट पेपर, म्हणजे नोकरीच्या अर्जाबरोबर पाठवायचा मुख्य लेख, एकच असतो आणि निवड समितीला तुझी ओळख त्यावरून होते. तो कॅलिफोर्नियाचा ठेव.

कारण सांगते. माझ्यासारख्या कॉलेजांना 'अमेरिकन गव्हर्नमेंट'चा पहिल्या वर्षाचा कोर्स शिकवणारं माणूस दरवर्षी लागतं. टेक्ससमध्ये तर सरकारी कॉलेजातून पदवी घ्यायची तर 'गव्हर्नमेंट' या विषयाची सहा क्रेडिट्स कायद्याने सक्तीची आहेत, त्यामुळे तिथल्या कम्युनिटी कॉलेजांतसुद्धा आपल्या विषयाची माणसं लागतात. हा कोर्स स्वतंत्रपणे शिकवायची संधी विभागाकडे आत्ताच मागून घे, नुसती टीएशिप (प्राध्यापकांना शिकवण्यात मदत करणं) पुरत नाही.

वेळापत्रक डोक्यात ठेव. एप्सा या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांच्या संघटनेच्या ईजॉब्स साइटवर जाहिराती जुलै-ऑगस्टपासून येतात, मुलाखती आणि जॉब टॉक (उमेदवाराचं संशोधनावरचं व्याख्यान) बहुतेक थंडीच्या सुट्टीआधी होतात, पोस्टडॉक आणि एका वर्षाच्या जागा त्यानंतर. म्हणजे पाचव्या वर्षाच्या ऑगस्टात पेपर तयार हवा. तुझ्या हातात दीड वर्ष आहे असं धर.

आणि आईचा विषय सोडू नकोस. ज्या प्रश्नामुळे झोप उडाली होती तोच चौथ्या वर्षी लिहितं ठेवतो, हे मी स्वतः अनुभवलं आहे. माझा विषय दुसऱ्याने सुचवलेला होता. पूर्ण करायला मला आठ वर्षं लागली.

प्रतिसाद २

मी पीएचडी करून बाहेर पडलो, आता मतदार याद्या आणि सर्वेक्षणांवर काम करणाऱ्या एका कंपनीत आहे. तुम्ही निवडणुकांपासून दूर जायचं नाही म्हणता, तर अशा जागा आहेत : जनमत चाचण्या घेणाऱ्या संस्था, मतदार यादी विकणाऱ्या कंपन्या, राज्य विधिमंडळांची संशोधन कार्यालयं, मतदान हक्कांवर काम करणाऱ्या ना-नफा संस्था. केंद्र सरकारच्या बहुतेक नोकऱ्यांना नागरिकत्व लागतं, ती वाट सध्या धरू नका.

तुमचा कॅलिफोर्नियाचा विषय इथे थेट उपयोगी आहे. मतदार यादी, जनगणना आणि निकाल एकमेकांशी जुळवून दाखवणं हेच आमचं रोजचं काम. आर ही आकडेवारीची प्रोग्रॅमिंग भाषा तुम्हाला येतच असेल, डेटाबेससाठी एसक्यूएल शिका. सर्वेक्षणातलं वेटिंग (उत्तरांना लोकसंख्येच्या प्रमाणात वजन देणं) नीट शिका, मुलाखतीत उमेदवार तिथेच गडबडतात. मिशिगनला आयसीपीएसआर या सामाजिक शास्त्रांच्या डेटा संस्थेचे उन्हाळी वर्ग असतात, विभाग पैसे देत असेल तर जाच.

व्हिसाचं फार कुणी सांगत नाही म्हणून लिहितो. आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयात जाऊन तुमच्या पदवीचा सीआयपी कोड (अभ्यासक्रमाचा सरकारी वर्गीकरण क्रमांक) विचारा. राज्यशास्त्राचा साधा कोड स्टेममध्ये (विज्ञान, तंत्रज्ञान, गणिताच्या यादीत) बसत नाही, म्हणजे ओपीटी (पदवीनंतर इथे काम करायची परवानगी) फक्त बारा महिने. सामाजिक शास्त्रांतल्या संख्यात्मक पद्धतींचा कोड बसतो, तिथे आणखी चोवीस महिने मिळतात. मला हे शेवटच्या वर्षी कळलं, फार उशीर झाला होता. विद्यापीठं एच-१बी या नोकरीच्या व्हिसाच्या लॉटरीत येत नाहीत, खासगी कंपन्या येतात. सप्टेंबर २०२५ ची एच-१बीवरच्या एक लाख डॉलर शुल्काची घोषणा वाचून घाबरला असाल, पण इथेच राहून एफ-१ या विद्यार्थी व्हिसावरून स्टेटस बदलणाऱ्यांना ते लागू नाही असं यूएससीआयएस या इमिग्रेशन खात्याने ऑक्टोबरमध्ये स्पष्ट केलं. तरी नियम बदलत असतात, त्या वेळी वकिलाला विचारल्याशिवाय भारतवारीचं तिकीट काढू नका.

मूळ प्रश्नकर्ती

दोघांचेही मनापासून आभार. ताई, तुमचा प्रतिसाद वाचून डोळ्यांत पाणी आलं. दोन नसून एकच प्रश्न आहे, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. गाइडना काल तीन लेखांचा आराखडा दाखवला, ते लगेच हो म्हणाले. प्राध्यापिकाबाईंनी फक्त तिसऱ्या लेखाचा डेटा कुठून आणणार ते आधी दाखव म्हटलं.

कार्यालयात कोडही विचारला. आमचा साधाच निघाला. पीएचडीबरोबर स्टॅटिस्टिक्समध्ये मास्टर्स करता येतं, त्याचा अर्ज या आठवड्यात भरते आहे.

आता एकच मदत हवी. तिसऱ्या लेखासाठी मला ग्रामपंचायतींच्या वॉर्ड आरक्षणाचे जुने आदेश हवेत. २०११ मध्ये महाराष्ट्रात महिलांचं आरक्षण पन्नास टक्के झालं, त्याच्या आधीच्या आणि नंतरच्या निवडणुकांचे. निकाल आणि आरक्षण दोन्ही गाववार लागतील. गेल्या उन्हाळ्यात आमच्या तहसील कार्यालयात गेले होते. तिथल्या कारकुनांनी आपुलकीने रेकॉर्ड रूम उघडून दाखवली, पण गठ्ठे वर्षानुसार लावलेले नव्हते. माहिती अधिकारात अर्ज तहसीलदारांकडे करायचा, जिल्हाधिकारी कार्यालयात की राज्य निवडणूक आयोगाकडे? महसुलात नोकरी केलेलं किंवा निवडणुकीच्या कामावर गेलेलं कुणी इथे असेल तर कृपया सांगा. जूनमध्ये पाच आठवडे गावी येते आहे. आईने तिच्या वॉर्डाचा आदेश जपून ठेवला आहे, तो नमुना म्हणून अर्जाला जोडता येईल.