मदत हवी आहे : एचटीएमएल सगळं एकाच ओळीत येतंय (तातडीचं)

द्राक्षमणी : पिंपळगावच्या एका व्यापाऱ्यासाठी कांद्याच्या भावाचं पान केलंय. दिसतं झकास, पण व्ह्यू सोर्स (सर्व्हरकडून आलेला पानाचा मूळ कोड) उघडलं की अख्खा तक्ता एका लांबलचक ओळीत. शेठचा पुतण्या इंजिनिअरिंगला आहे. त्याने ते पाहिलं, 'हे काय गबाळं काम' म्हणाला आणि बिल अडकलं. सर्व्हरवरूनच नीट इंडेंट केलेलं (ओळी पायरीपायरीने आत सरकवलेलं) एचटीएमएल कसं काढायचं? उद्या दुपारी दाखवायचंय, लवकर सांगा.

पंचवटीकर : भाषा कोणती? टेंप्लेट (एचटीएमएलचा वेगळा साचा) आहे की नुसते इकोवर इको (मजकूर छापायची आज्ञा)?

द्राक्षमणी : पीएचपीच, दुसरं काय असणार. इको आहेत. प्रत्येकाच्या शेवटी बॅकस्लॅश एन (नव्या ओळीची खूण) टाकलं तर पानावर चक्क तेच उमटलं.

सातपूरवाला : सिंगल कोट असणार. त्यातलं बॅकस्लॅश एन पीएचपी जसंच्या तसं छापतं. डबल कोट द्या. आणि क्लोजिंग टॅगला (पीएचपी कोड संपल्याची खूण) लागून आलेली एक नवी ओळ पीएचपी स्वतःच गिळतं, त्यामुळे फाइलमध्ये सुट्या दिसणाऱ्या ओळी सोर्समध्ये चिकटतात. तो बग नाही, मुद्दाम तसं ठेवलंय.

निवांत_नाशिककर : मुळात करायचंच कशाला? ब्राउझरला एक ओळ काय नि हजार काय. एफ १२ दाबा, इन्स्पेक्टरमध्ये सगळं ओळीने लावलेलं दिसतं. पुतण्याला तेच दाखवा.

पंचवटीकर : इन्स्पेक्टरमध्ये दिसतो तो ब्राउझरने सावरून घेतलेला डॉम, म्हणजे त्याने उभारलेली पानाची रचना. टीबॉडी (तक्त्याच्या ओळींभोवतीचा टॅग) लिहिलेली नसली तरी तिथे हजर असते. सर्व्हरने काय पाठवलं ते व्ह्यू सोर्समध्येच कळणार. त्या पोराला एवढं नक्की ठाऊक असेल.

निवांत_नाशिककर : मोकळ्या जागांनी पान जड होतं त्याचं काय?

पंचवटीकर : जीझिप (पाठवताना पान दाबून लहान करणं) चालू असेल तर फरक नावाला.

चिवडाप्रेमी : मराठीच्या जागी प्रश्नचिन्हं येत असतील तर डेटाबेस कनेक्शनचा कॅरेक्टर सेट यूटीएफ८एमबी४ करा. माझं त्यानेच सुटलं.

द्राक्षमणी : अक्षरं नीट येताहेत हो!

गोदाकाठ : एवढा घोळ कशाला? ओबी_स्टार्टने आउटपुट धरून ठेवा, शेवटी टायडीतून (एचटीएमएल नीट लावून देणारं साधन) काढा. इंडेंट ट्रू, रॅप (ओळ मोडायची मर्यादा) शून्य. रॅप तसंच सोडलं तर ६८ अक्षरांवर ओळी मोडतं.

द्राक्षमणी : टायडी लावलं. भावाचा तक्ता वेगळ्या फाइलमधून येऊन पानात बसतो, त्याच्यात आता हेड-बॉडी सगळं घुसलंय. शिवाय लासलगाव, पिंपळगाव, येवला ही वरची यादी सलग होती, तिच्यात फटी पडल्या.

गोदाकाठ : तुकडा येतो हे आत्ता सांगताय! टायडीचं शो-बॉडी-ओन्ली (फक्त बॉडीतला भाग द्यायचा पर्याय) चालू करा. फटींचं म्हणाल तर एलआय (यादीतली एकेक नोंद) इनलाइन-ब्लॉक, म्हणजे शब्दांसारख्या एका ओळीत मांडलेल्या असणार. दोन एलआयमध्ये नवी ओळ आली की ब्राउझर एक स्पेस दाखवतो. यूएलला (अख्ख्या यादीला) सीएसएसमध्ये डिस्प्ले फ्लेक्स द्या, जाईल.

सातपूरवाला : म्हणूनच म्हणतो, आधी सांडायचं नि मग पुसायचं हा धंदा नको. भाव आधी अ‍ॅरेत गोळा करा, टेंप्लेटची फाइल वेगळी ठेवा, आत फॉरईच (एकेक भाव घेऊन फिरणारा लूप). छोट्या तुकड्याला हेरेडॉक (दोन खुणांमध्ये अनेक ओळींचा मजकूर लिहायची सोय).

द्राक्षमणी : हेरेडॉक थोडं आत सरकवलं की पार्स एरर येते.

सातपूरवाला : व्हर्जन?

द्राक्षमणी : ५.६. होस्टिंगवाला तेच देतो.

सातपूरवाला : अहो, हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं. शेवटची खूण आत सरकवलेली चालते ती ७.३ पासून. त्याआधी ती ओळीच्या अगदी सुरुवातीला, मागेपुढे स्पेस नको. आणि ५.६ ला सुरक्षा अपडेट २०१८ अखेरीसच बंद झाले. पुतण्याने ते विचारलं तर इंडेंटपेक्षा मोठी पंचाईत.

चिवडाप्रेमी : अवांतर : लासलगावला उन्हाळ कांदा आज काय निघाला?

पंचवटीकर : द्राक्षमणी, ते हेरेडॉकच्या शेवटी अर्धविराम राहिला नाही ना? झालं का?

द्राक्षमणी : झालं, टेंप्लेट वेगळं केलं. पुतण्याला लिंक पाठवली. आता म्हणतो मोबाइलवर तक्ता उजवीकडे बाहेर जातो.

गोदाकाठ : त्याचा वेगळा धागा काढा.